कुत्र्या-मांजरांच्या पिसवा, गोचिडी : अर्धा इलाज घराचा

वस्तीत कुत्रे दारात झोपते आणि मांजर मुलांच्या गोधडीत. म्हणून त्यांच्या अंगावरची पिसू, गोचीड हा आपल्याही आरोग्याचा प्रश्न आहे.

प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. आज कुत्र्याची पिसू पाहून प्लेगला घाबरायला नको. पण दुर्लक्षही नको. गोचिडीमुळे कुत्र्याला ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, खाणे सुटते. माणसालाही पुरळ येणारा ताप येऊ शकतो.

आपण कुत्र्याला धुतो, तरी आठवड्यात पिसवा परत दिसतात. कारण पिसवेची अंडी अंगावरून गळून अंथरुणात, जमिनीच्या फटीत पडतात. रक्त पिऊन फुगलेली गोचीड भिंतीच्या भेगेत जाऊन हजारो अंडी घालते. म्हणून जनावराचे पोते, गोधडी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवावी. कोपरे झाडावेत, भेगा लिंपून बुजवाव्यात. पावसाळ्यात जास्त लक्ष द्यावे.

जळगाव-धुळ्याकडे कपाशीवर फवारायचे औषध अनेक घरांत असते. ते जनावराला कधीही लावू नये. जनावर अंग चाटते, मुले त्याला कवटाळतात. विष दोघांच्याही पोटात जाते. गुरांचे गोचिडीचे औषधही अंदाजाने वापरू नये. कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. त्याने मांजर दगावू शकते. पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावराचे वय, वजन, गाभण आहे का, हे सांगूनच औषध घ्यावे. औषध लावल्यावर लाळ गळू लागली, थरथर सुटली तर लगेच दवाखाना गाठावा.

चिकटलेली गोचीड रॉकेल टाकून किंवा चटका देऊन काढू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये. साबणाच्या पाण्यात बुडवून मारावी. मग जखम व हात साबणाने धुवावेत.

गोचीड चावल्यावर दोन आठवड्यांत घरात कोणाला ताप आला, तर डॉक्टरांना गोचिडीचे आवर्जून सांगावे. आपण सांगितले नाही, तर त्यांच्या ते लक्षात येईलच असे नाही.