आले, रुळले, गेले

2023 साली आंतरजिल्हा बदल्यांत रत्नागिरी जिल्हा परिषदेचे शेकडो शिक्षक कार्यमुक्त झाले. त्याच वर्षी जुलैत शासनाने तोडगा काढला: निवृत्त गुरुजींना महिना 20,000 रुपये मानधनावर परत बोलवायचे. खरे तर कोकणात डीएडवाल्यांचा दुष्काळ नव्हता. सिंधुदुर्गात तर बेरोजगार डीएडधारक ‘स्थानिकांना प्राधान्य द्या’ म्हणत उपोषणाला बसत होते.

मागणी रास्त वाटते, पण वाट सोपी नाही. राजस्थानने शिक्षकभरतीत जिल्ह्यातल्या रहिवाशांना वाढीव गुण दिले होते. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. त्यामुळे राज्यभराची एकच गुणवत्ता यादी लागते, आणि परभणीचा उमेदवार कणकवलीच्या वाडीवर रुजू होतो.

तोही वाट पाहून थकलेला असतो. 2010 च्या शिक्षकभरतीच्या सीईटीनंतर पुढची मोठी भरती ‘पवित्र’ या सरकारी भरती पोर्टलवरून 2019 साली झाली. आधी टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग तीन वर्षे शिक्षण सेवक. 2000 साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकला मानधन होते 3,000 रुपये. 2023 पासून 16,000. खोलीभाडे, घरी पाठवायचे पैसे आणि दिवाळीला गावी जायचा खर्च याच पैशांत. हुशार पोरे तलाठी भरतीचा अर्ज भरतात, त्यात नवल काय?

वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी जोडवर्ग. एक गुरुजी केंद्रशाळेच्या बैठकीला गेले की दुसऱ्याकडे चारही वर्ग आणि पोषण आहाराची नोंदही. पहिलीतले पोर म्हणते, “गुरुजी, माका कळाक नाय.” मालवणी कानात बसायला नव्या माणसाला एखादे वर्ष जाते. मग मात्र तो मुलांच्याच बोलीतून वजाबाकी शिकवू लागतो. हे कौशल्य कुठल्याही डीएडच्या अभ्यासक्रमात नाही, आणि बदलीच्या आदेशाबरोबर ते जिल्ह्याबाहेर जाते.

घराजवळ जाण्यासाठी शिक्षक आपली सेवाज्येष्ठता सोडून देतात, नव्या जिल्ह्यात यादीच्या तळाला बसतात. इतका तोटा पत्करून जाणाऱ्याला पळपुटा म्हणणे अन्यायाचे आहे. म्हातारे आईबाप तिकडे, नोकरी इकडे.

खरा घोळ धोरणातच आहे, आणि तो जिल्ह्यातल्या जिल्ह्यातल्या बदल्यांतही दिसतो. 27 फेब्रुवारी 2017 च्या जिल्हांतर्गत बदल्यांच्या शासन निर्णयाने शाळांची सर्वसाधारण आणि अवघड क्षेत्रे पाडली. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढली की शिक्षक ‘बदली अधिकारप्राप्त’ होतो. म्हणजे डोंगरातल्या शाळेत टिकल्याचे मोठे बक्षीस काय, तर तिथून निघण्याचा हक्क! पाचव्या, आठव्या वर्षीही तिथेच राहू इच्छिणाऱ्याला राहण्याजोगे निवासस्थान, त्या मुक्कामाचा वाढता भत्ता, जोडीदाराची नेमणूक त्याच तालुक्यात, असे काही हमखास मिळाले, तर थांबणारे सापडतील. रहिवासाची अट नसल्याने राजस्थानसारखी अडचणही येऊ नये. पैसा लागेल, हे खरे; पण निवृत्तांचे मानधनही तिजोरीतूनच जाणार होते.