वरिष्ठांजवळ काम मागावे ते कसे?

रजा मागताना आपली जीभ अडखळत नाही. पण ‘हे काम माझ्याकडे द्या’ असे वरिष्ठांना म्हणायचे झाले, की पाय दारातच घोटाळतो. सोबती म्हणतील, ‘पुढे पुढे करतो’; साहेबांना वाटेल, याचा आपल्या खुर्चीवर डोळा आहे. या भीतीपायी पुष्कळ कर्ती माणसे वर्षानुवर्षे एकाच जागी राहतात. तेव्हा काम मागावे कसे, याचा आज थोडा विचार करू.

उदाहरण शाळेचेच घेऊ. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम धान्य, असे प्रमाण ठरलेले आहे. समजा, एके दिवशी खालच्या वर्गांतली 60 आणि वरच्या वर्गांतली 40 मुले जेवली. तर 6 आणि 6 मिळून 12 किलो धान्य साठ्यातून उतरले पाहिजे आणि तेवढेच वहीत दिसले पाहिजे. एक दिवस नोंद राहिली, की महिनाअखेर मेळ बसत नाही. हे काम शाळेने करावे की नाही, हा वाद आहेच. पण जोवर ते शाळेकडे आहे, तोवर कोणीतरी ते नेटके केलेच पाहिजे. बहुधा हे ओझे मुख्याध्यापकांवर असते.

आता एखाद्या तरुण शिक्षकाला शाळेचा कारभार शिकायचा आहे. ‘सर, मला काही जबाबदारी द्या ना,’ असे त्याने म्हटले, तर सर ‘बघू’ म्हणतील. मोघम मागण्याला उत्तरही मोघमच मिळायचे! त्याऐवजी शाळा सुटल्यावर, सर निवांत असताना, एकट्याने जाऊन म्हणावे, ‘सर, आहाराची वही महिनाभर मी लिहू का? वर्ग सुटल्यावर लिहीन. दर शनिवारी तुम्ही तपासा. जमले नाही, तर परत घ्या.’

पाहा, एवढ्यात काय काय आले! काम कोणते ते आले, मुदत आली, वर्गाचे नुकसान होणार नाही ही हमी आली आणि तपासण्याचा अधिकार सरांकडेच राहिला. खुर्चीची शंका तिथेच मिटली. ‘तुम्हांला हे उरकत नाही’ असा सूर मात्र चुकूनही लावू नये.

होकार मिळाला, तरी हुरळून जाऊ नका. वही हाती घेण्यापूर्वी दोघांनी मिळून पोती मोजावीत, शिल्लक लिहावी आणि दोघांनीही सह्या कराव्यात. आधीची तूट मागाहून तुमच्या अंगावर येता कामा नये. यात अविश्वास नाही. व्यवहाराची ती रीतच आहे.

आणि नकार आला तर? रुसू नका. ‘याकरिता मी आधी काय शिकायला हवे?’ एवढेच विचारा; ते शिका आणि पुन्हा जा.

दूध संस्थेत माप घेणाऱ्याला फॅट काढायला शिकायचे असो, की सोसायटीतल्या शिपायाला खताच्या पावत्या लिहायच्या असोत, रीत हीच. या आठवड्यात आपल्या वरिष्ठांचा सर्वांत अधिक वेळ कशात जातो, ते नुसते पाहा. मागण्याजोगे काम बहुधा तिथेच सापडेल.