गर्भ पडला, तर बोल कुणाला?



पेरणीच्या तोंडावर ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून बियाण्याची उगवणशक्ती कशी तपासावी, हे मी आजवर अनेक गावांत दाखवले आहे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यालाही 70 टक्के उगवण असली तरी ते चांगले धरतात. उरलेले तीस दाणे उगवले नाहीत म्हणून आपण कुणाला दोष देत नाही. पण सुनेचा गर्भ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पडला, की घरात पहिला प्रश्न येतो, "तू काय केलंस?"

ही गोष्ट माझ्याच घरातली आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला तिसरा महिना होता. अंगावरून जाऊ लागले आणि दोन दिवसांत सारे संपले. "भरल्या घागरी आणल्या, ऐकलं नाही," असे आई म्हणाली. शेजारणींनी पपईचे नाव काढले. मी शेतीचा पदवीधर ओसरीवर बसून राहिलो. पुढे तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी घागरींचा काही संबंध नसल्याचे समजावून सांगितले. परतताना पत्नीने विचारले, "हे तुम्ही आईंना सांगाल ना?" मी हो म्हटले, आणि सांगितले मात्र नाही.

खरे कारण काय?

गर्भ राहिल्याचे कळल्यानंतरही शंभरातील साधारण दहा ते वीस गर्भ टिकत नाहीत. त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच जातात. अशा वेळी सुमारे निम्म्या प्रसंगी गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक झालेली असते. स्त्रीबीज किंवा पुरुषबीज तयार होताना किंवा ती एकत्र येताना ही चूक बहुधा आपोआप घडते. त्यात ना बाईचा अपराध, ना पुरुषाचा. पस्तिशीनंतर ही शक्यता वाढते.

याशिवाय ताब्यात नसलेला मधुमेह, थायरॉइडचा विकार, गर्भाशयाच्या रचनेतील दोष, रक्तात गुठळ्या होण्याचा विकार आणि हिवतापासारखे आजार हीही कारणे असतात. यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. नेहमीचे घरकाम, पिकलेली पपई, ग्रहण किंवा कुणाची नजर यांमुळे गर्भ पडत नाही. तरीही या दिवसांत जड ओझी इतरांनी उचलावीत. बाईला विसावा मिळावा म्हणून उचलावीत, तिला धाक घालण्यासाठी नव्हे.

शेतकरी घराने काय जपावे?

पहिली गोष्ट कीटकनाशकांची. गर्भवती बाईने औषध कालवू नये, फवारू नये आणि नुकत्याच फवारलेल्या पिकात निंदायला किंवा वेचणीला जाऊ नये. फवारणीचे कपडे धुण्याचे काम बहुधा तिच्याच वाट्याला येते. ते ज्याने फवारले त्याने धुवावेत. गर्भ राहिल्याचे पहिले काही आठवडे कळतही नाही. म्हणून मूल हवे असलेल्या बाईने आधीपासूनच ही काळजी घ्यावी.

दुसरी गोष्ट गोठ्याची. गाय-म्हैस गाभडली, तर त्यामागे ब्रुसेलोसिस म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचा रोग असू शकतो. तो माणसालाही होतो आणि त्याने बाईचाही गर्भ जाऊ शकतो. गाभडलेले वासरू व वार उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरावे. गर्भवती बाईला त्या गोठ्यात जाऊ देऊ नये. दूध उकळूनच प्यावे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना या रोगाची लस आयुष्यात एकदाच टोचावी लागते. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती धरलेली आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

तिसरी गोष्ट मशेरीची. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासण्याच्या निमित्ताने ती अंगात जाते आणि पोटातल्या जिवाला बाधते. ती सोडावी. घरातील पुरुषांनीही बिडी घराबाहेर ठेवावी.

दवाखान्यात केव्हा जावे?

पाळी चुकल्यावर अंगावरून थोडेही गेले, तरी आशाताईंना कळवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा खांद्यात दुखणे असेल, तर गर्भ पिशवीबाहेर नळीत राहिलेला असू शकतो. त्यात जिवाला धोका असतो. सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकाची गाडी बोलवावी. गर्भ पडल्यानंतर ताप आला, घाण वास येऊ लागला किंवा रक्त थांबेना, तरी तसेच करावे. घरच्या घरी काढे देत बसू नये. रक्तगट निगेटिव्ह असल्यास डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

एकदा गर्भ गेला म्हणून खचू नये. बहुतेक बायकांचे पुढचे बाळंतपण सुखरूप होते. दोन वेळा असे घडले, तर मात्र तपासणी करून घ्यावी. नवऱ्यानेही सोबत जावे. तपासणी दोघांची असते.

शेवटी एक सांगणे

आम्हाला पुढे मुलगी झाली. त्यानंतर कित्येक वर्षांनी मी धीर करून डॉक्टरीणबाईंचे बोलणे आईला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या आधी माझंही एक असंच गेलं होतं. मलाही असंच बोलले होते." त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात जाऊन सुनेजवळ बसली.

बंधूंनो, जे सांगायला मला इतकी वर्षे लागली, ते तुम्ही त्याच दिवशी सांगा. घरात असे घडले, तर ओसरीवर बसून राहू नका. आत जा, बायकोजवळ बसा आणि "यात तुझा काही दोष नाही" हे सर्वांना ऐकू जाईल असे बोला.