उल्हासचं पाणी, भाग ५ : बाटली आणि मासा

गेल्या आठवड्यात आपण खेमाणी नाल्यापाशी थांबलो होतो. उल्हासनगरचं सांडपाणी घेऊन हा नाला शहाडजवळ उल्हास नदीला मिळतो. शहाड आणि मोहने याच पट्ट्यातून कल्याण-डोंबिवलीचं पाणी उचललं जातं आणि स्टेमच्या पाणीपुरवठा योजनेतून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरचंही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यातले ५३ महाराष्ट्रातले आणि त्यांत मोहने ते बदलापूर हा उल्हासचा पट्टा आहे. ही यादी पाण्याच्या तपासणीवरून झाली. माशाच्या तपासणीवरून नाही, आणि आजचा विषय तोच आहे.

आधी पाण्याची तपासणी कशी होते ते बघू. विरघळलेला प्राणवायू मोजायची जुनी आणि अजूनही भरवशाची पद्धत हंगेरीच्या लायोश विंकलर या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये दिली. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचं, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका तळाला बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. नेमका आकडा पुढे प्रयोगशाळेत टायट्रेशन करून मिळतो, पण नदी गुदमरली आहे की नाही हे त्या साक्याच्या रंगावरून काठावरच कळतं.

मत्स्यपालनासाठी पाणी योग्य ठरायला त्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असं आपल्याकडचं मानक सांगतं. मुळात कोमट पाण्यात प्राणवायू कमीच मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साधारण साडेसात. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत आपली नदी आधीच काठावर उभी असते. त्यात सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू वापरतात. जलपर्णीचा थर हवेतून येणारा प्राणवायू अडवतो आणि ती कुजली की तिचाही भार नदीवरच पडतो. रात्री पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, फक्त वापरतात. त्यामुळे पातळी सर्वांत खाली जाते ती पहाटे. नमुना मात्र बहुधा दिवसा, कार्यालयीन वेळेत घेतला जातो.

बाटलीची खरी अडचण हीच आहे. ती त्या क्षणाचं पाणी पकडते. रात्री रासायनिक सांडपाण्याचा टँकर नदीत रिकामा झाला आणि सकाळी नमुना घेतला, तर विष तोवर पुढे वाहून गेलेलं असतं. मासा मात्र रात्रंदिवस त्याच पाण्यात असतो.

माशाचं कल्ल्यावरचं झाकण उचलून बघा. निरोगी माशाचा कल्ला लालभडक असतो, त्याचे तंतू सुटेसुटे दिसतात. त्रासलेल्या माशाचा कल्ला फिका किंवा काळपट पडतो, त्यावर चिकट बुळबुळीत थर येतो. अभ्यासक याच कल्ल्याचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवून काही मायक्रॉन जाडीचे काप घेतात आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अमोनिया किंवा धातूंचा मारा झालेला असेल तर कल्ल्याच्या नाजूक पापुद्र्यांतल्या पेशी वाढून ते एकमेकांना चिकटलेले दिसतात. मग पाण्यात प्राणवायू असूनही तो रक्तापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. पाण्याचा अहवाल ‘मर्यादेत’ आणि मासा धापा टाकतोय, असं होऊ शकतं ते यामुळे.

शहाडसारख्या ठिकाणी कोणते धातू शोधायचे, हे इथल्या उद्योगांवरून ठरवायला हवं. शहाडला रेयॉनचा जुना मोठा कारखाना आहे. व्हिस्कोस पद्धतीत धागा घट्ट करण्याच्या द्रावणात झिंक सल्फेट वापरतात, म्हणून या उद्योगाच्या सांडपाण्यात जस्त मोजावंच लागतं. जास्त झालेलं जस्त माशाच्या कल्ल्यातून होणारं कॅल्शियमचं शोषण अडवतं.

पाऱ्याची गोष्ट याहून लांबची. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या संशोधकांनी उल्हासच्या खाडीतल्या गाळातला पारा तपासला. तो अभ्यास २००३ मध्ये ‘मरीन पोल्यूशन बुलेटिन’मध्ये आला. कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरत, आणि त्याचा माग त्यांना गाळात लागला. गाळातल्या जिवाणूंमुळे पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर होतं. तो छोट्या जीवातून मोठ्या माशात साठत जातो आणि माशाच्या मांसात, म्हणजे आपण खातो त्याच भागात, राहतो. जपानमध्ये मिनामाता इथे १९५६ साली जो आजार उघड झाला, त्यातही मिथाइल पारा माशांतूनच माणसांपर्यंत पोहोचला होता.

‘मासे मिळतात म्हणजे नदी बरी आहे’, असं काठावरची माणसं सांगतात. पण शिंगी आणि मरळ पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतात, तिलापिया घाण पाण्यातही तग धरतो. म्हणून किती मासे मिळाले यापेक्षा कोणते मिळाले आणि कोणते यायचे थांबले, हे विचारायला हवं. ठाण्यातल्या अभ्यासकांनी २००२ मध्ये ठाणे खाडी आणि उल्हासच्या खाडीतल्या मासे व कवचधारी जीवांचा आढावा घेतला होता. अशी यादी दर काही वर्षांनी, तीही खाडीपासून वर बदलापूर-कर्जतपर्यंत व्हायला हवी. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध ओढ्या-शेतांत चढतात. नाल्यांत उन्हाळाभर साचलेली घाण नदीत उतरते तीही त्याच दिवसांत. पिढी जन्माला यायची वेळ आणि नदीच्या सर्वांत वाईट पाण्याची वेळ एकच पडते. त्या आठवड्यांत माशांची आणि अंड्यांची पाहणी झाली पाहिजे.

माझं मत स्पष्ट आहे. उल्हासच्या नियमित तपासणीत पाण्याच्या बाटलीबरोबर मासाही असलाच पाहिजे. वर्षातून निदान दोनदा, ठरलेल्या जागांवर, ठरलेल्या जातींचे कल्ले, यकृत आणि मांस तपासून निकाल लोकांसमोर ठेवावा.

तोवर वाचकांनी एक करावं. नदीत मेलेले मासे दिसले तर वेळ, जागा, पाण्याचा रंग आणि वास लिहून ठेवा, फोटो काढा आणि त्याच दिवशी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाला लेखी कळवा. ते मासे घरी नेऊ नका आणि विकायलाही देऊ नका.