दीर्घसूत्रता आणि संशोधनकार्यातील सातत्य

संशोधनाच्या क्षेत्रात बुद्धीच्या अभावी अडलेल्या कामांपेक्षा हाती घेऊन लांबणीवर पडलेल्या कामांची संख्या मोठी असावी, असे कोणत्याही विभागातील अनुभवी मार्गदर्शक सांगेल. विषय नोंदलेला असतो, टिपणे जमलेली असतात, दोन प्रकरणांचे कच्चे लेखन झालेले असते. आणि तरीही वर्षामागून वर्ष जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी पीएच. डी. साठी कमाल सहा वर्षांची मुदत ठरविली असून पुनर्नोंदणीने ती आणखी दोन वर्षांपर्यंत वाढविता येते. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ स्वभावाचा राहिलेला नाही. ज्याची चालढकल शाळेपासूनची आहे, अशा विद्यार्थ्याने पुन:पुन्हा कामाला लागण्याची उमेद कोठून आणावयाची, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या परंपरेने या दोषाकडे दोन दृष्टींनी पाहिले आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात दीर्घसूत्री हे तामस कर्त्याचे एक लक्षण मानले आहे. महाभारताच्या शांतिपर्वात तीन मत्स्यांची कथा येते. तीत जाळ्यात सापडून प्राणास मुकणाऱ्या मत्स्याचे नावच दीर्घसूत्र असे आहे. येथे दोष हा कर्त्याचा गुणधर्म ठरतो. ज्याचे नावच तसे, त्याची सुटका कशी व्हावी? पतंजलीच्या योगसूत्रांतील विचार याहून निराळा आहे. तेथे चित्ताला विक्षिप्त करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत आणि त्यांत व्याधीचे नाव पहिले आहे. त्यानंतर येणारे स्त्यान आणि पुढे येणारे आलस्य ही दोन्ही निरनिराळी मानली आहेत. भाष्यकार स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता असे सांगतात, तर आलस्यात देह आणि चित्त या दोहोंचे जडत्व येते. अंतराय म्हणजे वाटेतील अडथळा. तो वाटसरूचा स्वभाव नव्हे. माझ्या मते अर्वाचीन मानसशास्त्राचे निष्कर्ष या दुसऱ्या दृष्टीला अधिक जवळचे आहेत.

सिरोइस आणि पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये असे प्रतिपादन केले की, चालढकल ही मुळात वेळेच्या नियोजनातील चूक नसून भावनेच्या नियमनाचा एक प्रकार आहे. अपुऱ्या प्रकरणाकडे पाहताच भय, कंटाळा किंवा लाज उत्पन्न होते. काम बाजूस सारताच ती भावना ओसरते आणि मनाला तात्काळ सुटका लाभते. ही सुटका हेच टाळण्याचे बक्षीस होय, आणि बक्षीस मिळणारे वर्तन दृढ होत जाते. म्हणून वेळापत्रके कितीही रेखीव आखली, तरी त्यांचा उपयोग थोडा. उलट, आत्मधिक्काराने कामाशी निगडित असलेली लाज वाढते, आणि लाज वाढली की टाळण्याची ओढही वाढते. कॅनडातील वोल, पिचिल आणि बेनेट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळी झालेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वत:ला क्षमा केली, त्यांनी पुढील परीक्षेच्या तयारीत कमी चालढकल केल्याचे आढळले. आपल्याकडील कडक शिस्तीच्या संस्काराला हे रुचणार नाही. पण क्षमा म्हणजे सवलत नव्हे. मागील हिशेब मिटविल्यावाचून नव्या पानावर लिहिता येत नाही, एवढाच तिचा अर्थ.

आता मुख्य प्रश्न प्रेरणेचा. प्रेरणा आधी आणि काम नंतर, हा क्रम आपण गृहीत धरतो. अनेकदा तो उलटा असतो. थोडेसे काम झाले म्हणजे त्यातूनच पुढील कामाची इच्छा निपजते. तेव्हा पहिले थोडेसे काम प्रेरणेवाचून कसे घडावे, हा खरा व्यावहारिक प्रश्न होय. गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर एक साधे साधन सुचविले. ‘मी हे करीन’ असा नुसता संकल्प न करता, ‘अमुक प्रसंग आला की मी अमुक करीन’ अशी कृतीची सांगड आधीच घालून ठेवावयाची. त्याने व शीरन यांनी २००६ मध्ये ९४ परीक्षणांचा एकत्र विचार केला, तेव्हा या साधनाचा परिणाम मध्यम ते मोठ्या प्रतीचा आढळला.

उदाहरण घ्यावयाचे तर मीरा-भाईंदरमधील सिल्व्हर पार्क येथे राहून मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात संशोधन करणारी एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. सकाळी मीरा रोडहून लोकल पकडावयाची, सांताक्रूझला उतरावयाचे, आणि सायंकाळी त्याच गर्दीतून परतावयाचे; उभ्याने प्रवास करताना पुस्तक उघडणेही कठीण. ‘रात्री घरी गेल्यावर लिहीन’ हा तिचा संकल्प जवळजवळ रोज मोडणार, कारण त्या वेळी देह थकलेला असतो आणि घरची कामे वाट पाहत असतात. याउलट, ‘ग्रंथालयात बसताच, दूरध्वनी पिशवीत ठेवून, कालच्या शेवटच्या परिच्छेदाखाली तीन वाक्ये लिहीन’ हा संकल्प तिच्या शक्तीच्या आटोक्यातला आहे. तीन वाक्ये हास्यास्पद वाटतील. परंतु लाजेचे आणि भयाचे जे क्षण टाळण्यासाठी सारी चालढकल चालते, ते बहुधा पहिल्या तीन वाक्यांपूर्वीचेच असतात.

सवय जडण्यास किती दिवस लागतात, याविषयी एकवीस दिवसांची एक समजूत प्रचलित आहे. तिला भक्कम आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या ३९ जणांच्या नोंदी गणिती आराखड्याशी नीट जुळल्या, त्यांना लागणारा काळ १८ ते २५४ दिवस असा निघाला. मध्यांक ६६ दिवस. (अभ्यास ८४ दिवसच चालला, म्हणजे वरचा आकडा अनुमानाने काढलेला आहे.) शिवाय तेथील सवयी खाणेपिणे आणि व्यायाम यांच्या होत्या, प्रबंधलेखन त्याहून पुष्कळ गुंतागुंतीचे. तरी एक निष्कर्ष आपल्या कामाचा आहे: एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या जडणघडणीत फारसा व्यत्यय आला नाही. जुना चालढकल्या मनुष्य नेमका येथेच फसतो. एक दिवस चुकला की ‘आपण असेच’ असा निकाल देऊन तो उरलेला महिनाही सोडून देतो.

दीर्घ कामाचे स्वरूप कसे असते, हे महाराष्ट्रातील एका उदाहरणावरून दिसेल. पांडुरंग वामन काणे यांनी ‘व्यवहारमयूखा’च्या आवृत्तीस जोडावयाचा धर्मशास्त्राच्या इतिहासावरील निबंध योजिला होता, तोच वाढत जाऊन पाच खंडांचा ग्रंथ झाला. पहिला खंड १९३० मध्ये निघाला, दुसरा १९४१ मध्ये, तिसरा १९४६ मध्ये, चौथा १९५३ मध्ये, आणि पाचव्याचा अखेरचा भाग १९६२ मध्ये, लेखकाच्या वयाच्या ८२ व्या वर्षी. काणे हे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत, आणि १९४७ ते १९४९ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. पहिल्या दोन खंडांतील अकरा वर्षांचे अंतर बाहेरून पाहणाऱ्याला खंड वाटला असता. परंतु दुसरा खंड तेराशेंहून अधिक पृष्ठांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अंतराचा अर्थ बदलतो. काम किती लांबले यावरून ते थांबले होते असे ठरत नाही.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. पतंजलीने व्याधीस अग्रस्थान दिले ते उगाच नव्हे. दीर्घकाळची उदासीनता, निद्रानाश, किंवा बालपणापासूनची अवधानाची न्यूनता यांतून निर्माण होणारी अकर्मण्यता वरील उपायांनी हटत नाही. तेथे वैद्यकीय सल्ला घ्यावा, आणि तो विभागाने निषिद्ध मानू नये. मार्गदर्शकांच्या हातीही काही आहे. सहा महिन्यांनी संपूर्ण प्रकरण मागण्याऐवजी दर पंधरवड्यास दोन पृष्ठे मागावीत, ती अपुरी असली तरी स्वीकारावीत, आणि न आल्यास कारण विचारण्यापूर्वी पुढील भेटीचा दिवस ठरवावा.