एस.टी.तून आपला मुलूख

आपल्या नगरात बाहेरगावचा पाहुणा आला आणि त्याने “तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?” असे विचारले, की आपण मोठ्या अभिमानाने सांगतो: भुईकोट किल्ला आहे, चांदबीबीचा महाल आहे, फराहबाग आहे. पाहुणा जरा चौकस असला तर पुढचा प्रश्न येतो: “तुम्ही शेवटचे केव्हा गेला होता?” आणि येथे आपली गाडी अडते. कोणी शाळेच्या सहलीत गेलेला असतो, कोणी लग्नानंतर एकदा, आणि पुष्कळजण गेलेलेच नसतात. कारण विचारावे तर उत्तर एकच: जायला वाहन नाही. हे उत्तर कितपत खरे आहे, एवढेच मला आज तपासावयाचे आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. परंतु बोलताना आपण ‘नगर’च म्हणतो, तसे मीही म्हणेन.

वाहन नाही असे म्हणण्याचा अधिकार महाराष्ट्रात इतर कोणत्याही गावाला असेल, नगरला नाही. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर मार्गावर. लाकडी सांगाड्याची बेडफर्ड गाडी, आत काथ्याच्या बैठका, बाहेरून निळा आणि रुपेरी रंग. तिचे वाहक लक्ष्मण केवटे यांचे नाव आजही लोक आदराने घेतात. पुढे चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी गाडी निघाली, तीही याच पुणे-नगर रस्त्यावर. म्हणजे पहिला मान दोनदा आपल्याकडे आला. असे असून पुण्याला जाण्यापलीकडे त्या गाडीचा उपयोग आपल्याला सुचत नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. नगरचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. गाव मध्यभागी, आणि चाकाच्या आऱ्यांसारखे रस्ते सर्व दिशांना गेलेले: पुणे, दौंड, सोलापूर, जामखेड, पाथर्डी, संभाजीनगर, मनमाड आणि कल्याण. आठ रस्ते झाले. जिल्ह्यातील बहुतेक प्रेक्षणीय स्थळे यांपैकी कोणत्या ना कोणत्या आऱ्यावर किंवा त्याला फुटलेल्या फाट्यावर आहेत. तेव्हा ‘अमुक ठिकाणी कसे जावे’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी ‘ते कोणत्या रस्त्यावर आहे’ हे विचारावे. निम्मे काम तेथेच होते.

उरलेले निम्मे काम वेळापत्रकाचे. येथे मला थोडे सविस्तर सांगावयाचे आहे, कारण शहरातला माणूस नेमका येथेच फसतो. खेड्याची गाडी ही शहरवासीयांच्या सोयीसाठी आखलेली नसते. ती खेड्यातल्या माणसाच्या दिवसाप्रमाणे आखलेली असते. संध्याकाळी बाजारहाट, कचेरी, शाळा-कॉलेज आटोपून निघालेल्या लोकांना घेऊन ती गावी जाते, रात्री तेथेच मुक्काम करते, आणि पहाटे दूधवाले, विद्यार्थी, कोर्टकज्जेवाले यांना घेऊन शहरात येते. हिलाच आपण मुक्कामी गाडी म्हणतो. आता पाहा, आपल्याला हवे असते नेमके याच्या उलट: सकाळी गावाबाहेर जावे आणि दिवेलागणीला घरी परतावे. म्हणजे आपण प्रवाहाविरुद्ध पोहणार. याचे दोन परिणाम होतात, एक गोड आणि एक कडू. गोड असा की, सकाळी खेड्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा हमखास मिळते. कडू असा की, संध्याकाळी फलकावर जी गाडी ‘शेवटची’ म्हणून लिहिलेली असते ती पुष्कळदा मुक्कामी असते. ती आपल्याला तेथे नेईल, परत आणणार नाही. म्हणून चौकशीच्या खिडकीवर ‘शेवटची गाडी केव्हा?’ असे विचारू नये. ‘तिकडून नगरला येणारी शेवटची गाडी केव्हा?’ असे विचारावे. शब्द तीनच जास्त. पण रात्र कोठे काढावी लागेल हे त्यांवर ठरते.

दुसरा भेद साध्या आणि जलद गाडीचा. साधी गाडी वाटेतल्या लहान थांब्यांवरही उभी राहते. जलद गाडी ठरलेल्या मोठ्या थांब्यांवरच. घाईच्या माणसाला जलद गाडी बरी. पण डोंगराच्या पायथ्याशी, फाट्यावर, देवळाच्या कमानीपाशी उतरावयाचे असेल, तर साध्या गाडीला पर्याय नाही. हा धडा मी कसा शिकलो ते सांगतो.

आमच्या वाड्यात एक मावशी राहतात. वय शहात्तर. लग्न होऊन नगरला आल्या तेव्हापासून त्यांच्या गच्चीवरून पूर्वेकडच्या डोंगरावरील चांदबीबीचा महाल त्यांना रोज दिसतो. वाळवण घालताना दिसतो, कपडे काढताना दिसतो. परंतु तेथे जाण्याचा योग काही आला नाही. आधी सासू-सासरे, मग मुले, मग यजमानांचे दुखणे. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ मध्ये सर्व स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या पुरुषांनाही तिकीट अर्धेच पडते. मावशींनी एके दिवशी मला थेट विचारले, “अहो, गाडी फुकट झाली म्हणतात. मग तो महाल तेवढा दाखवता का?”

आम्ही माळीवाड्याच्या स्थानकावर गेलो आणि पाथर्डीकडे जाणाऱ्या साध्या गाडीत बसलो. वाहकाला बसतानाच सांगून ठेवले, की महालाच्या पायथ्याशी उतरायचे आहे. भिंगार मागे पडले, डोंगर जवळ आला आणि वाहकाने घंटा दिली. मावशी हसून म्हणाल्या, “इतकंच लांब होतं होय?” खरोखर, उभ्या आयुष्याचे अंतर आम्ही अर्ध्या तासाच्या आत कापले होते.

चढ मात्र सोपा नाही. मावशींना वर पोहोचायला दीड तास लागला. चार ठिकाणी बसलो, एकदा परत फिरण्याचाही विचार झाला. वर गेल्यावर पहिला धक्का असा की, तो महाल नव्हेच. ती सलाबतखानाची कबर आहे. दुसरा सलाबतखान हा मूर्तझा निजामशहाचा मंत्री. इमारत अष्टकोनी, तीन मजली, भोवती कमानींच्या ओवऱ्या आणि खाली तळघरात कबरी. चांदबीबीचा या वास्तूशी संबंध नाही. तिने १५९५-९६ मध्ये मोगलांशी लढून वाचवला तो खालचा किल्ला. पण लोकांनी तिच्या पराक्रमाला साजेशी उंच जागा शोधून तिच्या नावे करून टाकली आहे. मावशींना हे सांगितले तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या, आणि मग कमानीतून गाव पाहत म्हणाल्या, “कबर तर कबर. आमची गच्ची कुठे दिसते ते दाखवा.” आम्ही पुष्कळ शोधली, सापडली नाही.

परतताना माझी चूक झाली. मी परतीच्या साध्या गाडीची वेळ विचारून ठेवली नव्हती. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी दिसेल त्या गाडीला हात करीत होतो, आणि त्या सगळ्या जलद होत्या. तेथे त्यांचा थांबाच नाही. तासाभराने साधी गाडी आली. मावशींनी त्या तासात रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसून आमच्या वाड्यातल्या तीन पिढ्यांचा इतिहास मला सांगितला, म्हणून तो वेळ वाया गेला असे म्हणता येत नाही.

गावातल्या गावात पाहण्याचे जे आहे त्याला गाडीचीही गरज फारशी नाही. किल्ला माळीवाड्याहून चालत जाण्यासारखा आहे. तो सैन्याच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र जवळ ठेवावे. नगरचा पाया १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने घातला. आज दिसणारा दगडी कोट नंतरचा, हुसेन निजामशहाच्या काळचा. ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी पुढाऱ्यांना मुंबईत पकडून येथे आणले. तेही, लक्षात घ्या, रेल्वेनेच नगरला आले. अर्थात तिकीट काढून नव्हे. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा नेहरूंचा ग्रंथ १९४४ मध्ये याच कोटात लिहिला गेला. किल्ल्यापासून जवळच दमडी मशीद आहे, १५६७ ची. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनी दिलेल्या दमड्यांतून ती उभी राहिली अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, दगडातील कोरीव काम मात्र दमडीच्या मोलाचे नाही. सोलापूर रस्त्याला लागले की १५८३ मध्ये पुरी झालेली फराहबाग आहे. एके काळी हा वाडा तळ्याच्या मध्यभागी होता, आणि तळ्यात पाणी येई ते खापरी नळांनी. आज तळे कोरडे आहे. त्याच बाजूला सैन्याचे रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ साली स्थापन झालेले. मुले बरोबर असतील तर दोन्ही एका फेरीत करावीत. मात्र आधी फराहबाग, कारण रणगाडे पाहिल्यावर मुले पडक्या वाड्याकडे ढुंकून पाहत नाहीत.

दौंड रस्त्यावर अरणगाव. तेथे मेहेरबाबांची समाधी. देशोदेशीचे लोक समुद्र ओलांडून येतात, आणि आपण इतके जवळ असून जात नाही. संभाजीनगर रस्त्यावर घोडेगावाहून शनिशिंगणापूरचा फाटा आहे, आणि त्याच रस्त्याने पुढे नेवासे. नेवाशाबद्दल एक सूचना: लांब पल्ल्याच्या पुष्कळ गाड्या नेवासा फाट्यावर सोडतात; गाव तेथून आत आहे. तेव्हा चढताना ‘नेवासा की फाटा?’ हे विचारून घ्यावे. शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे मानतात, तो पैस खांब तेथे आहे. जामखेडच्या रस्त्याने गेले तर चौंडी, अहिल्याबाई होळकरांचे १७२५ सालचे जन्मस्थान. आणि खर्डा, जेथे १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला नमवले. ही ठिकाणे दूर आहेत आणि फाट्यावरून आतल्या गाड्या थोड्या, म्हणून त्यांसाठी अख्खा दिवस आणि पहाटेची गाडी हवी. अकोल्याकडचे भंडारदरा आणि रतनवाडी तर एका दिवसाचे काम नव्हे. अशा लांबच्या फिरतीसाठी महामंडळाचा चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ हा पास आहे. तो कित्येक वर्षे चालू आहे, आणि आपल्यापैकी किती जणांनी काढला, हे हात वर करून सांगण्याचा आग्रह मी करीत नाही.

आता लोहमार्ग. मुंबई-पुण्याला आता मेट्रो धावते. आपल्याला ती नाही, आणि तिच्यावाचून आपले अडतही नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ पासून आपल्या दारात आहे. वांबोरी, राहुरी, पुढे पुणतांब्याहून शिर्डीचा फाटा. या मार्गावर एक गंमत आहे. श्रीरामपूरला जावयाचे तर श्रीरामपूरचे तिकीट मागून चालत नाही; स्टेशनाचे नाव बेलापूर. स्टेशन आले तेव्हा श्रीरामपूर वसायचे होते. शहर वाढले, पण पाटी जुनीच राहिली.

परंतु खरी नवलाई आहे ती बीडच्या मार्गाची. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. नगरहून आष्टीपर्यंतची पहिली गाडी २३ सप्टेंबर २०२२ ला निघाली आणि बीडला गाडी पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी. मंजुरीच्या साली जन्मलेले मूल तोवर तिशीला आले. नारायणडोह, सोलापूरवाडी, कडा, आष्टी ही नावे आपण आजवर ऊसतोडीच्या बातम्यांत किंवा दुष्काळाच्या यादीत वाचली. आता ती स्टेशनांच्या पाट्यांवर वाचता येतात. या गाडीतून पाहण्यासारखे ‘स्थळ’ असे वाटेत फारसे नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. बालाघाटाचे उघडे माळ आहेत, ज्वारीची शेते आहेत, आणि डब्यात आयुष्यात प्रथमच आगगाडीत बसलेले एखादे म्हातारे जोडपे असण्याचा संभव आहे. मला स्वतःला तेवढे पुरते.

एक अडचण सांगितल्याशिवाय मला थांबता येत नाही. २०२१ च्या हिवाळ्यात एस.टी.चा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या महिन्यांत शहरातल्या आपल्यासारख्यांचे फारसे अडले नाही. ज्यांच्या दारात दुचाकी आहे त्यांना तो संप वर्तमानपत्रातच दिसला. खेड्यातून शाळेला येणाऱ्या मुलींचे मात्र अडले, दवाखान्याला येणाऱ्या म्हाताऱ्यांचे अडले. गाडी चालू ठेवायची की नाही हे शेवटी त्या फेरीला किती प्रवासी मिळाले यावर बघितले जाते. मघा मी म्हणालो, सकाळी खेड्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकी हमखास मिळते. त्या रिकाम्या बैठकांचा हिशेब आगारात होत असतो. आपण त्यांवर बसलो तर तो हिशेब थोडा बदलतो, आणि आपल्याला महाल दिसतो.

मावशींनी आता नेवाशाचे मनावर घेतले आहे. फाट्यावर नव्हे, गावात जाणारी गाडी पाहिजे, असे त्यांनी मला बजावले आहे, आणि नगरला येणारी शेवटची साधी गाडी केव्हाची, ते या वेळी त्या स्वतःच खिडकीवर विचारणार आहेत.