पोटरी भरून येते, हृदय का नाही?

सहा महिने जिमला जाणारा पोरगा दंड फुगवून दाखवतो, आणि मित्र म्हणतात, ‘‘नवे मसल आले की रे!’’ नवे काही येत नाही. स्नायूतल्या तंतूंची संख्या जन्माच्या आसपासच जवळपास ठरलेली असते. व्यायामाने जाड होतात ते जुनेच तंतू.

हे तंतू घडतात गर्भात. शेकडो लहान पेशी एकमेकींत मिसळून एक लांब तंतू होतो. त्याची केंद्रकं पुन्हा विभागत नाहीत. मग फाटलेली पोटरी भरून कशी येते? अलेक्झांडर मौरो यांनी 1961 मध्ये बेडकाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तंतू आणि त्याचं पातळ आवरण यांच्या फटीत चिकटून बसलेल्या इवल्या पेशी दिसल्या. त्या सॅटेलाइट पेशी. एरवी निजलेल्या, दुखापत झाली की जागतात, वाढतात, तुटका तंतू सांधतात. काही जणी पुन्हा निजतात, पुढच्या वेळेसाठी.

‘हृदयही स्नायूच, तेही असंच भरून येईल’ ही समजूत इथे फसते. हृदयाकडे ही राखीव फौज नाही. हार्ट अटॅकमध्ये रक्त अडलं की वीसेक मिनिटांत पेशी मरू लागतात. मोठ्या अटॅकमध्ये शंभर कोटींच्या घरात जातात. त्या जागी उरतो चिवट व्रण. तो भोक पडू देत नाही, पण आकुंचनही पावत नाही.

उलट टोकाचा समजही चुकीचाच: हृदयाची पेशी जन्मभर एकच. याचा निकाल लागला चक्क अणुबॉम्बमुळे. शीतयुद्धातल्या चाचण्यांनी हवेतला कार्बन-14 वाढवला. तो पिकांतून, अन्नातून माणसांच्या डीएनएत गेला. स्वीडनमध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने 2009 मध्ये दाखवलं, की चाचण्यांच्या आधी जन्मलेल्यांच्या हृदयपेशींतही हा कार्बन आहे. म्हणजे त्या पेशी नंतर जन्मल्या. पण वेग किती? पंचविशीत वर्षाला सुमारे 1 टक्का, पंच्याहत्तरीत त्याच्याही निम्म्याहून कमी. अटॅकचं नुकसान यातून भरून निघणं अशक्यच.

झेब्राफिश मात्र यात आपल्यापेक्षा श्रीमंत: जवनिकेचा (हृदयाच्या रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचा) पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत पुन्हा वाढवतो. एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लालाही हे जमतं. आठवड्याभरात ती विद्या जाते.

म्हणूनच ‘स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, हृदय नवं करा’ अशी जाहिरात दिसली तर सावध व्हा. हृदयात स्टेम पेशी असल्याचा गाजलेला दावा करणाऱ्या प्रयोगशाळेचे 31 शोधनिबंध मागे घ्यावेत, असं हार्वर्डनेच 2018 मध्ये सांगितलं. प्रयोग आजही सुरू आहेत, पण मेलेला भाग पुन्हा पूर्ववत करणारा सिद्ध उपचार अजून नाही.

तेव्हा छातीत दाब आला, घाम फुटला, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका. 108 ला फोन लावा आणि लगेच ईसीजी काढून घ्या.